आलिम होऊन गावच्याच मशिदीत इमामत: शिक्षण कुठलं, किती वर्षांचं आणि पुढे काय?

खाडीवरचा

सलाम आणि नमस्कार मंडळी.

बहिणीचा मुलगा यंदा दहावी झाला, ८४ टक्के. गाव दापोली तालुक्यातलं, खाडीकाठचं. गावातले बाप्ये एकतर बोटीवर नाहीतर आखातात. आणि हा म्हणतो, मला आलिम, म्हणजे दीनी विद्वान, व्हायचंय, शिकून इथेच आपल्या मशिदीत उभं राहायचंय. बहीण खूश आहे, मेव्हणे गप्प आहेत आणि मामू म्हणून निकाल माझ्याकडे आलाय. मी बी.कॉम., पुण्यात नोकरी. दीनी शिक्षण मकतबच्या, म्हणजे लहानपणीच्या कुराण-वर्गाच्या, पुढे गेलेलं नाही.

आमच्याकडे पेश इमाम, म्हणजे नमाज पढवणारे, बाहेरून येतात, बहुतेक बिहार किंवा पूर्व उत्तर प्रदेशातून. माणसं भली असतात. पण शुक्रवारचं बयान, म्हणजे प्रवचन, किताबी उर्दूत. मागच्या सफेतले (रांगेतले) बुजुर्ग माना डोलावतात, कळतं किती ते अल्ला जाणे. शिवाय गाव शाफई, मौलाना हनफी, म्हणजे धर्मनियमांच्या दोन वेगळ्या परंपरांचे. दोन-तीन वर्षांत ते कंटाळून जातात, मग जमातीची नव्या इमामासाठी शोधाशोध. त्यामुळे गावचाच पोरगा तयार होत असेल तर जमातीला हवाच आहे.

पण आलिमचा कोर्स नक्की काय असतो? दहावीनंतर लगेच पाठवावं की बारावी, पदवी करून? कुठे पाठवावं? आणि पुढे घर चालेल का? अनुभवी लोकांनी लिहावं. मुसलमान नसलेल्यांनीही लिहावं, फक्त धागा पेटवू नये.

गोट्या_पेठेतला

८४ टक्के मिळवून इंजिनिअरिंगला न जाणारा मुलगा महाराष्ट्रात शिल्लक आहे हे वाचून ऊर भरून आला. पाठवा.

फारिग_०९

मी रत्नागिरी जिल्ह्यातलाच, देवबंदहून (उत्तर प्रदेशातला मोठा मदरसा) फारिग, म्हणजे शिक्षण पूर्ण केलेला. सध्या मुंबईच्या उपनगरात नायब इमाम. जरा सविस्तर लिहितो.

दर्स-ए-निजामी म्हणतात तो अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महलमधल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावानं ओळखला जातो. ते १७४८ मध्ये वारले. आज बहुतेक मदरशांत त्याचाच वाढवलेला, बदललेला अवतार चालतो, मग मदरसा देवबंदी असो की बरेलवी. देवबंदला अरबीची आठ वर्षं. वर्ष रमजाननंतर शव्वालमध्ये सुरू होतं, शाबानमध्ये परीक्षा. सुट्टी शुक्रवारी. राहणं-जेवण फुकट.

पहिलं वर्ष अरबी व्याकरणाचं. सर्फ आणि नहव. ‘फअल, फअला, फअलू’ करत ओसरीत येरझाऱ्या घालायच्या, तोंडाला फेस येईपर्यंत. मीझान, नहवमीर, पुढे हिदायतुन्नहव, काफिया. फिकहमध्ये, म्हणजे धर्मनियमांच्या शास्त्रात, आधी कुदूरी, मग शरह विकाया, मग हिदाया. मधे मंतिक म्हणजे तर्कशास्त्र. सहाव्या वर्षी जलालैन, कुराणाची तफसीर (भाष्य). सातव्या वर्षी मिश्कात आणि श्रद्धातत्त्वांवरची शरह-ए-अकाइद. आठवं वर्ष दौरा-ए-हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचे संग्रह: बुखारी, मुस्लिम, तिर्मिझी, अबू दाऊद, नसाई, इब्न माजा, शिवाय तहावी आणि मुअत्ता. त्या वर्षी ईशा म्हणजे रात्रीच्या नमाजनंतरही तास चालतात, पोरं एकमेकांना कोपर मारून जागी ठेवतात. मग सनद, दस्तारबंदी (पगडी बांधण्याचा समारंभ). मुफ्ती व्हायचं तर त्यापुढे इफ्ता, म्हणजे फतवा देण्याचं शिक्षण, वेगळं.

आता जे कुणी सांगत नाही ते. या सगळ्यात इमामत शिकवली जात नाही. किताब वाचायला शिकवतात आणि ते अव्वल शिकवतात. पण मय्यतीला गुस्ल (अंघोळ) कसा द्यायचा हे मी हातानं शिकलो ते आमच्या मोहल्ल्यातल्या एका रिटायर्ड एसटी कंडक्टरकडून. नवरा-बायको भांडत आले की काय बोलायचं, कुठे गप्प बसायचं, ट्रस्टींच्या दोन गटांच्या मधे कसं उभं राहायचं, याला कुठलीच किताब नाही.

निम्मी_अलिबाग

छान लिहिलंय फारिग. एक भाबडा प्रश्न: इमाम व्हायला हे आठ वर्षांचं शिक्षण सक्तीचं असतं का? म्हणजे दीक्षा वगैरे?

फारिग_०९

नाही, ताई. आपल्याकडे दीक्षाविधी नाही. सहीह मुस्लिममधली हदीस आहे, लोकांची इमामत त्यानं करावी ज्याला कुराण सगळ्यांत चांगलं येतं. चार माणसं जमली की त्यातला एक पुढे उभा राहतो, मग तो गवंडी का असेना. हाफिज वेगळा, आलिम वेगळा. हाफिजाला अख्खं कुराण, ६,२३६ आयती, पाठ असतात, अर्थ कळतोच असं नाही. आलिमाला अर्थ आणि मसले (धर्मनियमांचे प्रश्न) कळतात, पाठ असेलच असं नाही. गावांना दोन्ही एकाच माणसात हवं असतं, वर त्यानं मकतबची पोरंही सांभाळावीत आणि बांगी रजेवर गेला तर बांगही द्यावी.

मुलाणी_माढा

आमच्याकडे सोलापुरात तर शिक्षणाचा प्रश्नच नव्हता. आडनाव बघा. गावगाड्यात मुलाणी बलुतेदार. जत्रेतलं बकरं हलाल करायचं, निकाह लावायचा, मय्यत करायची, मशिदीत दिवा लावायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं आणायचं. पणजोबांना चार सुरे आणि निकाहचा खुतबा पाठ, बस. बाकी सगळी बोली अस्सल माणदेशी मराठी. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं गेली, पुढे बलुतंही आटलं आणि आम्ही शिक्षक-कंडक्टर झालो. मग मशिदी पक्क्या झाल्या, भोंगे आले, तसे बाहेरचे मौलानाही आले. त्यांनी येऊन पहिलं काय सांगितलं? तुमच्या पणजोबांचं निम्मं चुकीचं होतं. असेलही. पण गावच्या पाटलाच्या मयताला पणजोबा खांदा द्यायचे, नवे मौलाना पाटलाचं घर कुठाय ते विचारतात.

तंतुवाद्य (मिरज)

मुलाणीभाऊ, पण पणजोबांना तलाकचा मसला विचारला असता तर काय सांगितलं असतं? उगाच जुन्याचं कौतुक नको.

मुलाणी_माढा

सांगितलं असतं की घरी जा, डोकं थंड कर आणि बायकोला माहेरहून घेऊन ये. आणि ते बरोबरच होतं!

चिपळूणचा_परखड

स्पष्ट बोलतो. हमीद दलवाई आमच्या मिरजोळीचे. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हापासून आपण इथेच अडकलोय. कोकणातल्या मोहल्ल्यांना आज वकील हवेत, नर्स हव्यात, मत्स्य पदवीधर हवेत. हुशार पोरगा आठ वर्षं मध्ययुगीन किताबांत घालवणार. अकाइदच्या ज्या पुस्तकाचं नाव फारिग यांनी घेतलं त्यात मुअतझिला पंथाचं खंडन आहे. दापोलीत मुअतझिली किती आहेत? पोरांचे प्रश्न आहेत मोबाइलवरच्या कर्जाचे, टेस्ट ट्यूब बेबीचे, डार्विनचे.

फारिग_०९

परखड, शरह-ए-अकाइदवरची तुमची टीका अर्धी मान्य. तफ्ताझानींचं भाष्य चौदाव्या शतकातलं, नसफींचं मूळ त्याआधी दोनशे वर्षांचं. आमच्यातली निम्मी पोरं ते परीक्षेपुरतं पाठ करून विसरली. पण ज्यांना चांगला उस्ताद मिळाला ते त्यातून वाद कसा मांडतात ते शिकले: समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं, मग उत्तर द्यायचं. देवाचं ज्ञान आधीच पूर्ण आहे तर माणसाला निवड कशी, हा प्रश्न तेव्हाही होता. मागच्या महिन्यात तोच मला बारावीतल्या मुलीनं विचारला. अडचण अशी की उस्ताद तिथपासून आजपर्यंतचा पूल बांधून देत नाहीत, तो आपला आपण बांधायचा.

नूर_मालेगाव

परखड यांना एक विचारते. वकील, नर्स हव्यात, कबूल. पण मोहल्ल्यातली बाई मासिक पाळी, इद्दत (नवरा गेल्यावर किंवा तलाकनंतर थांबायचा काळ), बाळंतपणानंतरची नमाज याबद्दल कुणाला विचारणार? वकिलाला? मी आलिमा आहे. मुलींचा कोर्स बहुतेक ठिकाणी पाच वर्षांच्या आसपास, मुलांपेक्षा आटोपशीर. मालेगावात मुलींच्या दीनी शिक्षणाची परंपरा जुनी आहे, जामियातुस्सालिहातचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मी मशिदीत उभी राहत नाही, पण गुरुवारी दुपारी माझ्या ओट्यावर पंधरा-वीस बायका असतात. मौलानांना न विचारता येणारं सगळं तिथे येतं. परवा एक सासू आली, सुनेनं नोकरी करावी की नाही याचा फतवा मागायला. म्हटलं, फतवा नंतर, आधी सुनेला घेऊन या. सून आली आणि म्हणाली, नोकरी कधीच सोडली, सासूबाईंना माहीत नाही, मी शिवणक्लासला जाते!

भाच्याच्या गावात आलिमा आहे का याची चौकशी जमातीनं कधी केली आहे का? जमात म्हणजे फक्त पुरुषांच्या सफा, असं धरूनच सगळा धागा चाललाय.

खाडीवरचा

नूरआपा, नाही. कुणी विचारसुद्धा केलेला नाही. जमातुल मुस्लिमीनच्या ग्रुपवर टाकतो.

जागता_पहारा

मदरशात काय शिकवतात ते सगळ्या देशाला माहीत आहे. हे धागे

(प्रतिसाद संपादित. धागाकर्त्यानं काय विचारलंय ते वाचून लिहावं. — व्यवस्थापन)

गोट्या_पेठेतला

व्यवस्थापनाची दस्तारबंदी करा रे कुणीतरी.

डॉ_विसू

निवृत्त प्राध्यापक, इतिहास. पदव्यांच्या मान्यतेबद्दल थोडं, कारण मामूंचा खरा प्रश्न तिथे आहे.

महाराष्ट्रात उत्तर प्रदेश किंवा बिहारसारखं सरकारी मदरसा बोर्ड नाही. त्यामुळे आलिम-फाजिलच्या सनदेला सरकारी नोकरीत थेट किंमत नाही. पण हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ (स्थापना १९९८), अलीगढ, जामिया मिलिया ही विद्यापीठं ठरावीक मदरशांच्या सनदा प्रवेशासाठी धरतात, अलीगढनं त्यासाठी ब्रिज कोर्सही काढला. यादीत मदरसा आहे की नाही हे प्रवेशाआधी तपासा, नंतर नाही. उत्तर प्रदेशात बोर्ड असूनही काय झालं पाहा: ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तिथला २००४ चा मदरसा कायदा वैध ठरवला, पण कामिल आणि फाजिल या वरच्या पदव्या बोर्डाला देता येणार नाहीत असं सांगितलं, कारण पदवी हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचा प्रांत.

आपल्याकडे डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. विज्ञान, गणित वगैरे शिकवणाऱ्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ऑक्टोबर २०२४ मध्ये ६,००० वरून १६,००० आणि बी.एड.वाल्यांचं ८,००० वरून १८,००० करायचं मंत्रिमंडळानं ठरवलं. घेणारे घेतात. देवबंद मात्र सरकारी पैसा घेत नाही, १८६६ च्या स्थापनेपासूनचं धोरण आहे ते.

म्हणून दहावी झालीच आहे तर मुक्त विद्यालयातून बारावी मदरशात राहूनही होते. ती सोडू नये.

वसईचा_केळीवाला

तुलनेसाठी लिहितो. माझा चुलतभाऊ गोरेगावच्या सेमिनरीत शिकून पाद्री झाला. त्यांच्याकडे तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान, आणि मधे एक वर्ष चर्चमध्ये प्रत्यक्ष काम. आजारी माणसांच्या घरी जा, तरुणांचा ग्रुप सांभाळ, फादर सांगतील ते कर. बिशपांना वाटलं हे पोरगं यातलं नाही, तर तिथेच थांबवतात. तुमच्यात असं उमेदवारीचं वर्ष नाही का? शिवाय पाद्रीला जेवणखाण, म्हातारपण सगळं धर्मप्रांत बघतो. इमामाचं कोण बघतं?

फारिग_०९

कुणी नाही. ट्रस्ट ठेवतो, ट्रस्ट काढतो. बिशप नाही हे चांगलंही आणि वाईटही. सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये इमामांना वक्फ बोर्डांनी वेतन द्यावं असा निकाल दिला, पण कोकणातल्या बहुतेक गावांत इमामाचा पगार जमातीच्या वर्गणीतून. माझ्या ओळखीच्या इमामांना गावात १२ ते १५ हजार, खोली, पाळीनं घराघरातून डबा. रमजानमध्ये नजराणा. पेन्शन शून्य. एका जमातीनं मला आधी विचारलं होतं, आवाज कसा आहे. दुसरा प्रश्न, जेवायला तिखट चालतं का.

डॉ_विसू

भिक्षुकीची कथा फार वेगळी नाही हो. घनपाठी व्हायला दहा-बारा वर्षं, आणि पुढे सत्यनारायणाच्या दक्षिणेवर घासाघीस.

गोट्या_पेठेतला

डॉक्टर, आमच्या गुरुजींचा आता क्यूआर कोड आहे. घासाघीस संपली.

निम्मी_अलिबाग

शाफई आणि हनफीत रोजच्या व्यवहारात असा काय फरक पडतो? मी अलिबागची, शेजारी कोकणी मुस्लिम कुटुंबं, पण कधी कळलं नाही.

खाडीवरचा

फजरमध्ये, म्हणजे पहाटेच्या नमाजमध्ये, आम्ही कुनूतची दुआ पढतो, हनफी पढत नाहीत. रुकूला (कमरेत वाकायला) जाताना-उठताना आम्ही हात उचलतो. अस्रची (दुपारनंतरच्या नमाजची) वेळ वेगळी: आमच्यात सावली वस्तूएवढी झाली की, त्यांच्यात दुप्पट झाली की. मुलीच्या निकाहला आमच्यात वली (पालक) लागतोच. बायकांच्या अंगावरच्या वापरातल्या दागिन्यांवर हनफींत जकात आहे, आमच्यात नाही, त्यामुळे यावर घराघरात शाफई कट्टर!

पण खरा फरक ताटात. एका नव्या मौलानांचा पहिला डबा आमच्याकडून होता. आईनं हौसेनं तिसऱ्यांचं सुकं केलेलं, खोबरं-कोथिंबीर घालून, वर माकुलाचं कालवण. मौलानांनी झाकण उघडलं, बंद केलं, आणि फार अदबीनं विचारलं, अंडं मिळेल का? हनफींत समुद्रातलं फक्त मासळीच्या जातीचं चालतं, शिंपले-माकूल नाही. आई आठवडाभर नाराज. त्यांना आमच्या गावात दोन वर्षं अंडं-डाळ खावी लागली, खाडीकाठी राहून.

तंतुवाद्य (मिरज)

आणि कुर्ल्या? शाफईंना तर समुद्रातलं सगळं हलाल ना?

फारिग_०९

सगळं नाही. पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगणाऱ्या प्राण्यांबद्दल शाफई किताबांतच वाद आहे, खेकडा त्यातच येतो. इमाम नववींसारख्यांची मतं कडक आहेत, हल्लीचे काही आलिम समुद्री खेकड्याला सूट देतात.

तंतुवाद्य (मिरज)

हे दापोलीत जाहीर करू नका, दंगल होईल.

खाडीवरचा

आमच्याकडे कुर्लीच्या मसल्यावर इज्मा (एकमत) झालेला आहे. पुस्तकात नसेल, चुलीवर झालाय.

फारिग_०९

खरा मुद्दा हा की भाचा हनफी मदरशात गेला तर आठ वर्षं हिदाया शिकेल आणि शाफई गावात उभा राहील. माझं तेच झालं. श्रीवर्धनच्या जामिया हुसैनियामध्ये शाफई फिकह शिकवतात, कर्नाटकात भटकळला जामिया इस्लामिया आहे. केरळचे मुसलमान तर बहुतेक शाफई. तिथे फतहुल मुईन शिकवतात, पोन्नानीच्या झैनुद्दीन मखदूम यांची सोळाव्या शतकातली किताब, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर लिहिलेली. चेम्माडच्या दारुल हुदाचा (१९८६) अभ्यासक्रम दीनी आणि आधुनिक असा जोडीनं चालतो. पण मल्याळी माध्यमाचा प्रश्न येतो, तो बाहेरच्यांसाठी कसा सोडवतात ते विचारून घ्या.

डॉ_विसू

किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) विसरू नका. त्यांच्या उरुसाला मुंबई पोलिसांची चादर जाते हे सगळ्यांना माहीत. त्यांनी अरबीत कुराणाची तफसीर लिहिली, तब्सीरुर्रहमान, हे फार थोड्यांना. कोकणी मुसलमानाला विद्वत्ता उत्तरेकडून आयात करायची गरज सहाशे वर्षांपूर्वी नव्हती.

केप_खेडकर

कामानिमित्त केप टाउनला आहे. इथे जंजिरा-खेड भागातून आलेल्या कोकणींच्या तिसऱ्या-चौथ्या पिढ्या भेटतात. इथले जुने मलाय मुसलमानही शाफईच. त्यांचे तुआन गुरू डचांच्या कैदेत रॉबेन बेटावर होते, तिथे त्यांनी नुसत्या आठवणीतून कुराण लिहून काढलं, सुटल्यावर १७९३ मध्ये मदरसा काढला आणि पुढच्या वर्षी मशीद. म्हणजे समाजानं आधी मदरसा उभारला. इथे इमाम आणि जमात एकाच गल्लीत वाढलेले असतात, बयान इंग्रजीत, मधेच आफ्रिकान्स. भाच्याचं ‘इथेच उभं राहायचंय’ हे वाक्य मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटलं.

लेस्टरवाली

आमच्याकडे इंग्लंडमध्येही हाच झगडा झाला. पहिल्या पिढीत इमाम गुजरात-पाकिस्तानातून, बयान उर्दूत, पोरं मागे मोबाइलवर. आता इथेच जन्मलेले आलिम आहेत. पण दारुल उलूममधून बाहेर पडलेल्यांना इथला समाज, विज्ञान, समुपदेशन शिकवायची गरज वाटली, म्हणून केंब्रिज मुस्लिम कॉलेज (२००९) निघालं, त्याचा पहिला डिप्लोमा आलिम झालेल्यांसाठीच होता. इस्पितळं आणि तुरुंगांत मुस्लिम चॅप्लिनच्या (धार्मिक आधार देणाऱ्याच्या) पगारी जागा असतात. माझा धाकटा दीर इस्पितळात आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाशी कसं बोलायचं याचं त्याला प्रशिक्षण मिळालं, आणि तो म्हणतो, हिदायाच्या चार भागांइतकंच ते कामी येतं.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत इस्लामी धर्मशास्त्राचे विभाग २०१० नंतर निघाले, पण पदवीधर बहुतेक शिक्षक होतात, मशिदीत जात नाहीत. म्हणून ओस्नाब्रुकला २०२१ मध्ये इमामांच्या प्रत्यक्ष कामासाठी वेगळं प्रशिक्षण काढावं लागलं. नुसत्या विद्यापीठानं इमाम घडत नाही आणि नुसत्या मदरशानंही, हे तिकडेही दिसलं.

चिपळूणचा_परखड

लेस्टरवाली, तिकडे पगारी जागा आहेत, इथे वर्गणी आहे. मी परत विचारतो, दीनी तालीम घेतलेला इमाम गावात नेमकं काय बदलणार? आमच्या तालुक्यात बहिणींकडून हक्कसोड पत्रं घेतात, अगदी हाजी लोक. कुराणात मुलीचा हिस्सा स्पष्ट लिहिलाय. एकाही जुम्म्याला त्यावर बयान ऐकलेलं नाही. टोपी, पायजम्याची लांबी यावर मात्र दर महिन्याला.

नूर_मालेगाव

परखड, या एका मुद्द्यावर मी तुमच्याबरोबर. आम्हाला सिराजी शिकवली होती, वारसाहक्काची किताब. एक गणित सांगते. बाई वारली, मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. नवऱ्याला अर्धा, दोन बहिणींना मिळून दोन-तृतीयांश. बेरीज करा: सात-षष्ठांश, इस्टेटीपेक्षा जास्त! मग सहाऐवजी सात वाटे करायचे, नवऱ्याला तीन, बहिणींना चार. याला औल म्हणतात. सगळ्यांचं थोडं थोडं कमी होतं, बहिणींचा वाटा कुणी खात नाही. ज्यांना मदरशात गणित नसतं असं वाटतं त्यांनी एकदा मुनासखा सोडवून बघावा, म्हणजे वाटणी व्हायच्या आधीच वारसही वारले तर काय.

आणि हे येत असूनही बयानात का येत नाही? कारण पहिल्या सफेत ज्यांनी हक्कसोड घेतलंय तेच ट्रस्टी आहेत.

फारिग_०९

हे खरं आहे. मी एकदा बोललो. त्या शुक्रवारी कुणी काही म्हटलं नाही, पुढच्या महिन्यात पगार उशिरा झाला.

डॉ_विसू

शिवाय १९३७ च्या शरियत कायद्यानं शेतजमीन बाहेर ठेवली आहे, त्यामुळे सबब सांगणाऱ्यांना कायद्याचा आडोसाही मिळतो.

मुलाणी_माढा

म्हणजे आठ वर्षं शिकूनही इमाम ट्रस्टीच्या मर्जीवर. मग मामू, भाच्याचं नाही, जमातीचं शिक्षण करा आधी. जमातीनं लेखी द्यावं: शिकायचा वरखर्च आम्ही करतो, परत आलास की अमुक पगार, राहायला घर, आणि बयानात काय बोलायचं ते तू ठरवायचं. हे लिहून देणार असतील तरच पोराला पाठवा.

वसईचा_केळीवाला

आणि उमेदवारीचं वर्ष टाका त्यात. शेवटच्या वर्षाआधी एक रमजान गावात काढू दे, जुन्या इमामाच्या हाताखाली.

तंतुवाद्य (मिरज)

कुणी अक्कलकुव्याचं नाव घेतलं नाही अजून. नंदुरबार जिल्ह्यात, जामिया इशातुल उलूम. एकाच आवारात हिफ्ज (कुराण पाठ करणं), आलिमियत आणि फार्मसी-इंजिनिअरिंगची कॉलेजंही. त्याचे संस्थापक मौलाना वस्तानवी जानेवारी २०११ मध्ये देवबंदचे मोहतमिम (प्रमुख) झाले आणि जुलैत पायउतारही झाले. माझा साडू तिथून हिफ्ज करून डी.फार्म. झाला. मेडिकल दुकान चालवतो, तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) पढवतो. पगारासाठी ट्रस्टींच्या तोंडाकडे बघायला लागत नाही, म्हणून बोलतोही मोकळं.

फारिग_०९

हा मार्ग मला सगळ्यांत पटतो, फक्त एक पथ्य. दुकान-इमामत दोन्ही करणाऱ्याचं वाचन सुटतं. दौऱ्यानंतर किताब मिटली की पाच वर्षांत आलिमाचा नुसता मौलवी होतो. मुंबईत जोगेश्वरीला मरकजुल मआरिफचा दोन वर्षांचा इंग्रजी डिप्लोमा आहे, खास फारिग झालेल्यांसाठी. मी केलाय. त्यानं जग उघडलं. पण मराठीचं असं काही नाही. मी मराठी शाळेत शिकलो म्हणून वाचलो. भाच्याची दहावी मराठी माध्यमातून झाली असेल तर ते त्याचं भांडवल आहे, आठ वर्षं उर्दूत राहून गंजू देऊ नका. सुट्टीत आला की मकतबच्या पोरांना मराठीतून शिकवायला बसवा.

निम्मी_अलिबाग

खाडीवरचा, शेवटी काय ठरतंय? आम्हीही गुंतलो आता.

खाडीवरचा

ठरतंय असं: यंदाचा शव्वालचा प्रवेश तसाही हुकलाय, म्हणून अकरावी-बारावी दापोलीत, कला शाखा, मराठी आणि अरबी ठेवून, अरबी मिळाली तर. संध्याकाळी गावच्या मौलानांकडे सर्फ-नहवची सुरुवात. ते स्वतःहून तयार झाले, फार आनंदानं. बारावीनंतर आधी श्रीवर्धन आणि भटकळ दोन्ही बघून यायचं. मुलाणीभाऊंचा लेखी कराराचा मुद्दा जमातीत मांडला. अध्यक्ष म्हणाले, बघू. नूरआपांचा मुद्दाही मांडला, तर मागून बायकांच्या बाजूनं आवाज आला की आमच्यासाठी वर्गणी आम्ही काढतो, तुम्ही फक्त खोली द्या. त्यावर अध्यक्ष काहीच म्हणाले नाहीत.

मेव्हण्यांनी एकच अट घातली: बोटीचा परवाना पोराच्या नावावर राहील.

भाच्यानं अख्खा धागा वाचला. त्याचा एकच प्रश्न आहे, फारिग यांना: मदरशात फुटबॉल खेळू देतात का?

फारिग_०९

अस्र ते मगरिब (सूर्यास्ताची नमाज) मैदान मोकळं असतं. फुटबॉल, क्रिकेट, व्हॉलीबॉल, काय हवं ते. मगरिबची बांग झाली की संपलं.

तंतुवाद्य (मिरज)

मग त्याला सांगा, शाफई मदरसाच बरा. अस्र लवकर होते, मॅच पूर्ण होईल.